अनाथांची माउली

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्यासंगी पुराणिक. दारी आलेल्या अतिथीला विन्मुख धाडणे त्यांना ठाऊक नव्हते. त्या आतिथ्यात त्यांची सारी संपत्ती सरली. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून मृत्यू पावली. भूक म्हणजे काय, हे रमाबाई तेव्हाच शिकल्या.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले व पुढे ते पुण्यास नेले. १८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अमेरिकेहून येणारे साहाय्य सदनातील मोजक्या मुलींपुरतेच होते. इतक्या जणींना खाऊ काय घालावयाचे? तरीही रमाबाई निघाल्या. ज्याने ही लेकरे दिली, तो त्यांचा घासही देईल, अशी त्यांची श्रद्धा होती. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आसरा दिला. हेच 'मुक्ती सदन'. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

पण ही श्रद्धा हात जोडून स्वस्थ बसणारी नव्हती. केडगावी विहिरी खणल्या, मळे फुलले, माग चालू लागले, छापखाना उभा राहिला. मुली स्वकष्टाचे अन्न खाऊ लागल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. भरल्या कोठारातून देणारे पुष्कळ असतात; कोठार भरण्यापूर्वीच दार उघडणारे विरळा.