डेनिस रिची: ज्यांच्या भाषेत छापण्याचा शब्दच नव्हता

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो आणि हे कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेलं आहे. ही भाषा बनवली डेनिस रिची यांनी. पण या भाषेत स्क्रीनवर काही दाखवायची किंवा कीबोर्डवरून काही घ्यायची आज्ञाच नाही! असं का? ते समजायला आधी रिची यांची गोष्ट बघू.

रिची यांचा जन्म 9 सप्टेंबर 1941 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. रिची यांनी हार्वर्डमध्ये आधी फिजिक्स आणि मग गणित केलं. पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, पण बाइंडिंग केलेली प्रत लायब्ररीत जमा केली नाही, त्यामुळे पदवी राहूनच गेली. 1967 मध्ये तेही बेल लॅब्समध्ये लागले.

तिथे मल्टिक्स नावाच्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम चालू होतं. ती फार अवजड होत गेली आणि 1969 मध्ये बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं. मग केन थॉम्पसन यांनी रिची आणि इतर सहकाऱ्यांसोबत युनिक्स ही छोटी सिस्टिम उभी केली. सुरुवातीच्या पीडीपी-11 मशीनची मेमरी होती फक्त 24 केबी. आज व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

एवढ्या जागेत चालायचं तर भाषा आटोपशीरच हवी. थॉम्पसन यांच्या बी भाषेवरून रिची यांनी 1971 ते 1973 या काळात सी घडवली. फोरट्रानमध्ये वाचायच्या आणि छापायच्या आज्ञा भाषेतच होत्या. सीमध्ये ते काम बाहेरच्या लायब्ररीवर सोपवलं गेलं. माइक लेस्क या सहकाऱ्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालेल असं इनपुट-आउटपुटचं पॅकेज लिहिलं. रिची यांनी ते पुढे सुधारलं आणि त्यातूनच आजची स्टँडर्ड आय-ओ लायब्ररी आली. म्हणजे आपण वापरतो तो प्रिंटएफ हा सीचा शब्द नाही, ते लायब्ररीतलं एक फंक्शन आहे.

फायदा उघड आहे. नवीन मशीन आलं की भाषा तीच ठेवायची, खालची लायब्ररी तेवढी बदलायची. 1973 मध्ये युनिक्सचं कर्नलच सीमध्ये लिहिलं गेलं आणि पुढे ते अनेक प्रकारच्या मशीनवर गेलं.

पण याला दोन मर्यादा आहेत.

पहिली, प्रिंटएफमधली अक्षरं ठरलेली आहेत. पूर्णांकाला टक्का-डी, मजकुराला टक्का-एस. तुम्ही तारखेसाठी स्वतःचं स्ट्रक्चर बनवलं आणि त्यासाठी नवीन अक्षर जोडायचं म्हटलं, तर स्टँडर्डमध्ये तशी सोयच नाही. जीएनयूच्या लायब्ररीने ही सोय दिली, पण त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे चालेल याची खात्री नाही. बेल लॅब्समध्येच बियार्न स्ट्राउस्ट्रप यांनी सी++ बनवताना ही अडचण सोडवली. तिथे आपल्या प्रकारासाठी छापायची पद्धत आपण स्वतः जोडू शकतो.

दुसरी मर्यादा आपल्याकडच्या मुलांना चांगलीच ओळखीची आहे. आपल्या अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं सी शिकवली गेली ती टर्बो सी वर. त्यात कॉनिओ डॉट एच असतंच, गेटच आणि स्क्रीन साफ करायचं फंक्शनही त्यातलंच. पण हे पॅकेज डॉसच्या जमान्यातलं आहे, सीच्या स्टँडर्डमध्ये ते कधीच नव्हतं. बाभुळगावसारख्या ठिकाणी लॅपटॉप नसलेला विद्यार्थी फोनवर टर्मक्स टाकून तोच प्रोग्रॅम चालवायला जातो, तर पहिल्याच ओळीला एरर येतो. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. खरं तर चूक त्याची नसते, ते पॅकेजच फोनवर नसतं. ती ओळ आणि त्यातली फंक्शन्स काढून स्टँडर्ड आय-ओ वापरलं की गाडी पुढे सरकते.

1978 मध्ये रिची आणि ब्रायन कर्निघन यांचं सीवरचं पुस्तक आलं. 1983 मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1989 मध्ये सीचं अमेरिकन स्टँडर्ड आलं आणि त्यात ही लायब्ररीही पक्की झाली. 2007 मध्ये रिची निवृत्त झाले.

ऑक्टोबर 2011 मध्ये ते न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. घरी ते एकटेच राहायचे. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्स गेले होते, त्या बातम्यांच्या गर्दीत रिची यांची बातमी फार कमी जणांपर्यंत पोहोचली. जॉब्स यांच्या आयफोनमधल्या सिस्टिमची मुळंही युनिक्समध्येच आहेत.

आता सीचा प्रोग्रॅम उघडाल तेव्हा वरच्या इन्क्लूडच्या ओळी नीट बघा. स्टँडर्डमधल्या किती आणि एखाद्याच कंपायलरच्या किती, एवढं तपासलं तरी तुमचा प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमध्ये आणि खिशातल्या फोनवरही चालेल की नाही, हे बरंचसं आधीच कळेल.