सहा टिंबांचे स्वातंत्र्य

अपंगांविषयी समाजात दयाबुद्धीची उणीव सहसा नसते. उणीव असते ती त्यांच्या निर्णयशक्तीवरील विश्वासाची. लुई ब्रेल यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी ४ जानेवारी १८०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचे चामडी साज तयार करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या हत्यारांशी खेळत असता एका डोळ्यास इजा झाली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत संपूर्ण अंधत्व आले. १८१९ मध्ये त्यांना पॅरिसच्या अंधशाळेत प्रवेश मिळाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठविलेली असत. ही पुस्तके अवजड, महाग व मोजकी होती. ती कष्टाने वाचता आली, तरी तशी अक्षरे विद्यार्थ्यांना स्वतः लिहिता येत नसत. डोळ्यांसाठी घडलेली लिपीच बोटांवर लादली गेली होती.

चार्ल्स बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची ध्वनिलिपी योजिली होती. परंतु तिची आकृती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. ब्रेल यांनी १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. तिच्या ६३ आकृत्यांत अक्षरे, अंक, इतकेच नव्हे तर संगीतही सामावले. १८२९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. स्पर्शाने वाचणे ही डोळस वाचनाची दुबळी नक्कल नसून एक स्वतंत्र विद्या आहे, हा स्वाभिमान या शोधाच्या मुळाशी होता.

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. परंतु १८४० च्या सुमारास तेथेच या लिपीला बंदी झाली. वेगळ्या लिपीमुळे अंध समाजापासून तुटतील, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. वस्तुतः त्यात सोय पाहिली गेली ती डोळसांची. विद्यार्थी मात्र ती चोरून वापरीत राहिले आणि अखेर १८४४ मध्ये शाळेला तिची योग्यता मान्य करावी लागली. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल यांचे निधन झाले. फ्रान्समध्ये या लिपीला अधिकृत स्थान मिळाले ते त्यानंतर, १८५४ मध्ये. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारण्यात आली आणि मराठीही त्याच सहा टिंबांत आली.

भारतात २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांचे हक्क मान्य केले आहेत. परंतु शाळा, कचेरी वा परीक्षा यांची व्यवस्था ठरविताना ज्यांच्यासाठी ती ठरवावयाची, त्यांनाच प्रथम विचारले जाते काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत ब्रेल यांचा लढा संपला, असे म्हणता येणार नाही.