महेंद्र थेरांचे थांबणे
पाटलिपुत्रातील तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी धम्मदूत पाठवले. मज्झंतिक थेर काश्मीर-गांधारला, महाधम्मरक्खित थेर आपल्या महाराष्ट्रात गेले. सम्राट अशोकांचे पुत्र महेंद्र थेर तेव्हा ३२ वर्षांचे होते. त्यांच्याकडे सिंहलद्वीप सोपवले होते. पण ते लगेच निघाले नाहीत. ‘महावंस’ सांगतो, तिथला राजा मुटसीव वृद्ध झाला होता, म्हणून त्यांनी नव्या राजाची वाट पाहिली. ६ महिने ते दक्षिणगिरीत राहिले, मग विदिशेला आई देवींना भेटले. देवानंपिय तिस्स गादीवर आल्यावर ज्येष्ठ पौर्णिमेला ते मिहिंतलेला पोहोचले. तिथे रुजलेला धम्म आजही टिकून आहे. वस्तीत काम करताना सोबती पुढे गेले की आपण खचतो. अशा वेळी महेंद्र थेर आठवावेत. त्यांचे थांबणे हेही धम्मकार्यच होते.