कुलुपे बनविणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज सायमन ओहम



संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, विहिरींवरच्या मोटारी सुरू असतात, आणि आपल्या घरातील विजेची शेगडी नीट तापत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. वीज तर आहे, मग शेगडी मंद का? या प्रश्नाचे उत्तर ज्या नियमात आहे, तो ओहमचा नियम आपण शाळेत पाठ करतो. पण तो शोधणारा माणूस एका कारागिराचा मुलगा आणि पेशाने शाळामास्तर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे तयार करीत. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण झालेले नव्हते; जे काही शिकले ते आपल्या हिमतीवर. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी जॉर्ज आणि धाकटा मार्टिन या दोघांना स्वतःच गणित आणि विज्ञान शिकविले. पुढे मार्टिनही नामांकित गणिती झाले.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांचे पाऊल थोडे घसरले. नाच, बिलियर्ड आणि बर्फावरचे स्केटिंग यांत वेळ जाऊ लागला. वडील संतापले. विद्यापीठ सोडून मुलाला स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवायला जावे लागले. परंतु तेथे त्यांनी एकट्याने अभ्यास केला आणि १८११ मध्ये एर्लांगेनला परतून डॉक्टरेट मिळविली. वडिलांचा राग वाया गेला नाही!

त्यानंतर तुटपुंज्या पगारावर शिक्षकी करीत १८१७ मध्ये ते कोलोनच्या एका शाळेत आले. या शाळेची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा चांगली होती. तारेची लांबी वाढविली तर विजेच्या प्रवाहाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी तेथे हाती घेतला. त्या काळच्या बॅटरीचा जोर एकसारखा राहत नसे. म्हणून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे जोडून, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर वीज मिळविली. निरनिराळ्या लांबीच्या तारा लावून मोजमाप केले. १८२६ मध्ये नियम हाती आला: तापमान तेच असेल तर तारेतील प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो; आणि दाबाला प्रवाहाने भागले की तारेचा रोध मिळतो.

आता, वाचकहो, आपल्या शेगडीचे गणित करू. तिच्यावर २३० व्होल्ट आणि १००० वॅट असे लिहिले आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून प्रवाह झाला १००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ४.३५ अँपिअर. २३० ला ४.३५ ने भागले की रोध आला सुमारे ५३ ओहम. समजा, संध्याकाळी दाब १६० व्होल्टवर उतरला. कॉइलचा रोध जवळजवळ तोच धरला, तर प्रवाह सुमारे ३ अँपिअर आणि शक्ती सुमारे ४८० वॅट. दाब उतरला तीस टक्के, पण शक्ती निम्म्याहूनही कमी झाली. कारण दाबाबरोबर प्रवाहही उतरतो. आणि दाब का उतरतो? लांबवर गेलेल्या तारांनाही रोध असतो. सर्वांनी एकदम प्रवाह ओढला की काही दाब तारांतच खर्ची पडतो. विहिरीवरच्या मोटारीला मात्र हे सरळ गणित लागू नाही. दाब उतरला की ती उलट जादा प्रवाह ओढते, तापते आणि तिचे वायंडिंग जळते.

१८२७ मध्ये ओहम यांनी आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्यांना विद्यापीठात प्राध्यापकपद मिळण्याची आशा होती. पण स्वदेशात ग्रंथाची फारशी कदर झाली नाही. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला जागा मिळेपर्यंतची वर्षे ओढाताणीची गेली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणि ६ जुलै १८५४ रोजी ते निवर्तले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले.

पालकहो, आपल्यात कोणी यंत्रमाग चालवितो, कोणी मोटारी बांधतो, कोणी कुलुपे दुरुस्त करतो. आपण शिकलो नाही म्हणून मुलाला काय शिकविणार, असे मनात आणू नका. संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि शाळेतील प्रयोगाचे सामान कपाटातून बाहेर निघते की नाही, याची चौकशी करा. आणि विद्यार्थी मित्रहो, आज घरच्या इस्त्रीवरील आकडे वाचा आणि तिचा रोध काढा. इस्त्री मात्र उघडू नका. वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.