लेखणी खाली ठेवणारा पंडित : संत थॉमस अक्विनस

विद्या पुष्कळ, पण विद्येचा ताठा नाही, असा पंडित विरळा. तेराव्या शतकात युरोपखंडात असा एक पुरुष होऊन गेला. कॅथलिक ख्रिस्ती लोक त्यांना संत थॉमस अक्विनस म्हणतात. त्यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगतो.

इटलीत रोम आणि नेपल्स यांच्या मधल्या मुलखात रोक्कासेक्का येथे १२२५ च्या सुमारास एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांचे असतानाच आईबापांनी त्यांना मॉन्टे कॅसिनोच्या मोठ्या मठात ठेवले. पोरगा पुढे मठाधिपती व्हावा, घराण्याचे वजन वाढावे, हा हेतू. पण नेपल्सला शिकत असता थॉमसांना संत डॉमिनिक यांच्या भिक्षेकरी संघाची ओढ लागली आणि १२४४ साली त्यांनी त्या संघाची वस्त्रे घेतली. झाले! सरदाराचा मुलगा भिक्षा मागणार, हे घरी कसे खपावे? सख्ख्या भावांनी वाटेत धरून आणले व वर्षभर कोंडून ठेवले. मुलगा बधला नाही. शेवटी घरचेच थकले.

पुढे कोलोनला अल्बर्ट नावाचे थोर गुरू लाभले. थॉमस अंगाने स्थूल, बोलणे बेताचे; म्हणून सोबती त्यांना मुका बैल म्हणत. हा बैल हंबरेल तेव्हा सारे जग ऐकेल, हे गुरूंनी तेव्हाच ताडले, अशी कथा आहे. १२५६ साली ते पॅरिसला आचार्य झाले.

त्या काळी ॲरिस्टॉटल या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचे ग्रंथ नव्याने लॅटिनमध्ये येत होते. श्रद्धा बुडेल म्हणून पुष्कळांना त्यांची धास्ती वाटे. थॉमसांचे म्हणणे असे की, बुद्धीही देवाचीच देणगी. मग खऱ्या विचाराचा खऱ्या श्रद्धेशी विरोध कसा येईल? मुसलमान इब्न सिना, यहुदी मैमोनिदेस यांचेही विचार त्यांनी आदराने तोलले. ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा त्यांचा महाग्रंथ नवशिक्यांसाठी लिहिलेला. त्यात प्रत्येक प्रश्नावर आधी विरोधकाचे आक्षेप, मग सिद्धान्त, शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन. पाठशाळेत पूर्वपक्ष व उत्तरपक्ष घोकलेल्या आम्हांला ही रीत घरचीच वाटली.

आता खरी गोष्ट ऐका. ६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्सला उपासना करीत असता त्यांना काही विलक्षण अनुभव आला. त्या दिवसापासून लेखणी थांबली. लेखक रेजिनाल्ड यांनी परोपरीने विनविले; पण जे दिसले त्यापुढे आपले सारे लिखाण पाचोळ्यासारखे वाटते, एवढेच त्यांनी सांगितले. महाग्रंथ अपुराच राहिला. पुढे लिओंच्या धर्मपरिषदेस जाताना वाटेत दुखणे आले आणि ७ मार्च १२७४ रोजी फोसानोव्हाच्या मठात त्यांनी देह ठेवला.

मरणानंतरही परीक्षा चुकली नाही. १२७७ साली पॅरिसच्या बिशपांनी २१९ मते निषिद्ध ठरविली, त्यांत काही थॉमसांच्या मतांनाही लागू पडणारी होती. पण १३२३ साली त्यांना संतपद मिळाले, १५६७ साली धर्माचार्य ही पदवी आली, आणि १८७९ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांच्याच विचाराच्या अभ्यासाची शिफारस केली.

यावरून कोणी म्हणेल, शेवटी पाचोळाच, तर शिकावे कशाला? तसे नव्हे, बरं का! ज्याने आयुष्यभर धान्य पिकविले, त्यालाच पाचोळा म्हणण्याचा अधिकार. आम्ही चार ग्रंथ वाचून फुगतो; त्यांनी ग्रंथांचा डोंगर रचला आणि त्यावरून खाली पाहून ते नम्र झाले.