जोसेफ हेन्री

मोठ्या पेढ्यांच्या आंतील दारांना अलीकडे एक असें कुलूप असतें कीं, त्याला किल्लीचें भोंक नसतें आणि कडीकोयंडाहि नसतो. चौकटीवर तारेचें वेटोळें गुंडाळलेलें लोखंड बसविलेलें असतें व दारावर, बरोबर त्याच्या समोर, लोखंडाची एक जाड पट्टी. वेटोळ्यांतून वीज वाहूं लागली कीं लोखंडाचा चुंबक बनतो आणि तो पट्टीला असा धरून ठेवतो कीं 600, क्वचित् 1,200 पौंडांचा जोर लावल्यावांचून दार हालत नाहीं. ज्याच्या श्रमांमुळें चुंबकाच्या अंगीं हें बळ आलें, तो जोसेफ हेन्री कुलुपें करणारा नव्हे, एक शाळामास्तर होता.

हेन्रीचा जन्म 17 डिसेंबर 1797 रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत ऑल्बनी येथें झाला. घरची अत्यंत गरिबी. लहानपणीं त्याला गॅलवे नांवाच्या खेड्यांत आजीकडे ठेवलें. तेथें तो एका दुकानांत काम करी. पळालेल्या सशाचा पाठलाग करतां करतां तो चर्चच्या जमिनीखालीं शिरला आणि पुस्तकांच्या कपाटापाशीं निघाला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, वाचनाची गोडी मात्र त्याला ह्याच गांवीं लागली. तेराव्या वर्षीं तो एका घड्याळजीच्या हाताखालीं उमेदवार राहिला. पुढें नट व्हावें असें त्याच्या मनांत होतें. परंतु सोळाव्या वर्षाच्या सुमारास, घरीं राहणाऱ्या एका बिऱ्हाडकरूचें विज्ञानावरील पुस्तक सहज त्याच्या हातीं पडलें आणि नाटकाचा नाद सुटला.

1819 मध्यें ऑल्बनी ॲकॅडमीनें त्याला फी न घेतां शिकविलें व 1826 मध्यें त्याच शाळेंत तो गणित आणि पदार्थविज्ञान यांचा शिक्षक झाला. रोज सात तास शिकवावें लागे. त्यांतला पुष्कळ वेळ लहान मुलांकडून अंकगणित घोटून घेण्यांत जाई. प्रयोगांना सवड मिळे ती उन्हाळ्याच्या सुटींत, शाळेचा दिवाणखाना रिकामा असे तेव्हां.

विद्युच्चुंबक हेन्रीच्या पूर्वींच, 1825 मध्यें, इंग्लंडांत विल्यम स्टर्जन ह्यानें तयार केला होता. त्यानें वांकविलेल्या लोखंडाला रोगण लावून त्यावर उघडी तार विरळ गुंडाळली होती. वेढे एकमेकांना लागले तर वीज मधल्यामध्यें जवळची वाट काढते, म्हणून ते दूर दूर ठेवणें भाग होतें. हेन्रीनें लोखंडाऐवजीं तारेलाच रेशमाचें वेष्टण घातलें. आतां वेढे चिकटून बसले तरी बिघडत नव्हतें. थरावर थर चढवितां येऊं लागले. मैलोगणती नसली तरी शेंकडों फूट तार हातानें रेशमानें मढविणें किती कंटाळवाणें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी! 1831 मध्यें येल कॉलेजासाठीं त्यानें केलेला चुंबक स्वतः सुमारें 60 पौंड वजनाचा होता. तो 2,000 पौंडांहून अधिक भार तोलून धरी.

त्याच सुमारास एक मैलाहून लांब तारेंतून वीज सोडून त्यानें दूरची घंटा वाजविली. पुढें 1832 मध्यें प्रिन्स्टन येथें प्राध्यापक झाल्यावर तो विद्यार्थ्यांना एक मौजेचा प्रयोग दाखवी. थोरल्या चुंबकाला शेंकडों पौंडांचें ओझें लटकविलेलें असे. दूरवरून आलेल्या क्षीण प्रवाहानें एक धाकटा चुंबक जागा होई आणि पाऱ्याच्या वाटींत बुडालेलें तारेचें टोंक उचली. थोरल्याचा प्रवाह तुटे, व ओझें धाडकन् खालीं येई. दूर बसून बोटाच्या इशाऱ्यानें प्रचंड पकड सोडवावयाची, हेंच आजच्या विद्युत्कुलुपाचें तत्त्व होय. वीज गेली तर असें दार उघडतें. आग लागल्यास माणसें आंत कोंडलीं जाऊं नयेत म्हणून तें इष्टच आहे. तिजोरीला मात्र तें चालणार नाहीं, कारण तार तोडणाऱ्या चोराला तें आमंत्रणच ठरेल. म्हणून आंकडे दाबून उघडावयाच्या तिजोरींत उलट योजना असते. वीज क्षणभर येते, वेटोळें एक खुंटी ओढून घेतें आणि मगच मूठ फिरते. वीज नसेल तर खुंटी जागची हालत नाहीं.

लांब तारेंतील प्रवाह तोडतांना ठिणगी उडते, हेंहि हेन्रीनें टिपलें व 1832 मध्यें प्रसिद्ध केलें. ह्याच धक्क्यानें कुलुपाचीं नाजूक अंगें जळूं नयेत म्हणून आज वेटोळ्याला डायोड जोडतात. ह्या गुणाच्या मापाला 1893 मध्यें शिकागोच्या विद्युत्परिषदेनें हेन्री हेंच नांव दिलें.

एवढें असूनहि ह्या शोधांचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. आपला निबंध त्यानें 1831 मध्येंच छापून सर्वांस खुला केला होता. तो वाचून मोर्सच्या सहकाऱ्यानें तारायंत्र सुधारलें आणि 1840 मध्यें पेटंट मोर्सला मिळालें. त्याचें हेन्रीला वाईट वाटलेलें दिसत नाहीं. परंतु 1849 मध्यें न्यायालयांत साक्ष देण्याची पाळी आली, तेव्हां जें घडलें तें त्यानें सांगितलें, आणि 1855 मध्यें मोर्सनें त्याच्यावर छापील चिखलफेक केली. हेन्री त्या वेळीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा चिटणीस होता. हें पद त्यानें 1846 पासून मरेपर्यंत सांभाळलें. वादांत न पडतां त्यानें आपलें सर्व वर्तन संस्थेच्या विश्वस्तांपुढें चौकशीसाठीं ठेवलें. त्यांनीं त्याला निर्दोष ठरविलें.

1865 च्या जानेवारींत संस्थेच्या इमारतीला आग लागून त्याचे बहुतेक कागद जळाले. 1875 मध्यें बेल नांवाचा एक अप्रसिद्ध तरुण, तारेनें माणसाचा आवाज पाठविण्याची कल्पना घेऊन, त्याच्याकडे आला. आपल्याला विजेचें पुरेसें ज्ञान नाहीं, अशी त्याची अडचण होती. हेन्रीनें त्याला तें ज्ञान मिळविण्यास सांगितलें व काम दुसऱ्या कोणाच्या हातीं देऊं दिलें नाहीं. पुढच्याच वर्षीं बेलचा टेलिफोन बोलूं लागला. 13 मे 1878 रोजीं वॉशिंग्टन येथें हेन्रीचें निधन झालें.