बाजार, सरकार आणि शेठ वालचंद

कॅप राउंडचा फॉर्म भरताना आपल्यापैकी बहुतेकांनी वालचंद हे नाव लिहिलेलं आहे. कुणाला सांगली मिळालं, कुणाचं एका मार्काने हुकलं, आणि आपण सगळे इथे मलकापूरला हॉस्टेलवर एकत्र आलो. पण हे वालचंद कोण, असं विचारलं की उत्तर येतं, कोणीतरी देणगीदार असतील! मलाही अकरावी-बारावीपर्यंत एवढंच ठाऊक होतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एडिसन आणि हेन्री फोर्ड पाठ होते. सोलापूरचा माणूस मात्र पुस्तकात कुठे भेटला नाही.

तो भेटला यंदा, वादविवाद स्पर्धेच्या तयारीत. विषय होता : खुला बाजार हवा की सरकारी नियंत्रण? मुद्दे गोळा करायला मी मेसमध्ये सगळ्यांना विचारत फिरले आणि गंमत वाटली. कॉलेजची फी सरकारने बांधून द्यावी, पण प्लेसमेंटचं पॅकेज मात्र बाजारभावाने मिळावं! उसाची एफआरपी सरकारने ठरवावी, पण साखरेच्या निर्यातीवर सरकारने बंदी घालू नये! आमच्या मजल्यावर एकही पूर्ण खुल्या बाजाराची नाही आणि एकही पूर्ण नियंत्रणाची नाही. ज्याचं जिथे दुखतं, तिथे त्याला सरकार हवं असतं. हे ढोंग आहे का? वालचंद हिराचंद यांचं चरित्र वाचल्यावर मला वाटलं की हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजराती जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुंबईत आणि पुण्यात कॉलेज सुरू केलं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. (ड्रॉप घेतलेल्यांनी इथे खूष व्हायला हरकत नाही!) घरच्या पेढीवर बसले, पण मन रमेना. मग लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून भेटले. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंदांकडे भांडवल. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. पुढे कंत्राटं वाढत गेली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. तिनेच पुढे, वालचंदांच्या माघारी, आपलं कोयना धरण बांधलं. म्हणजे कराडच्या प्रीतिसंगमावर जे पाणी आपण बघतो, त्याच्या वाटेत या माणसाच्या कंपनीचं काँक्रीट उभं आहे. धरण सरकारचं, बांधणारी कंपनी खाजगी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

खरी लढाई समुद्रावर झाली. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी नावाची बोट विक्रीला निघाली. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळ-जहाज होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मुंबईच्या व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळेच.

बोट निघाली खरी, पण बाजारात आधीच एक हत्ती बसलेला होता. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी आणि तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. आता पाहा, कायद्याने वालचंदांना कुणीही अडवलं नव्हतं. समुद्र सर्वांना खुला होता! पण नवी देशी कंपनी आली की मोठी कंपनी भाडं इतकं खाली आणायची की नव्याचं दिवाळं वाजावं. ते वाजलं की भाडं पुन्हा वर. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्ले यांची स्वदेशी बोट कंपनी अशीच संपली होती. तिथे तर गोऱ्या कंपनीने प्रवाशांना फुकट नेलं आणि वर छत्री भेट दिली, असं सांगतात. दुसरी युक्ती उशिरा मिळणाऱ्या सवलतीची. व्यापाऱ्याने वर्षभर आमच्याच बोटीने माल पाठवला तर भाड्यातला काही भाग परत मिळेल, मध्येच एक खेप जरी दुसऱ्याच्या बोटीने गेली तर सगळी सवलत बुडाली. म्हणजे सिंदियाचं भाडं कमी असलं तरी व्यापारी तिकडे जाणार कसा?

वालचंद टिकले, कारण त्यांच्यामागे भांडवल होतं आणि स्वभाव हट्टी होता. पण १९२३ मध्ये त्यांनाही तह करावा लागला. दहा वर्षांसाठी सिंदियाच्या जहाजांवर मर्यादा आली आणि प्रवासी वाहतूक तिने करायची नाही असं ठरलं. खुल्या बाजारात, कुठल्याही सरकारी हुकुमाशिवाय, एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला परमिट दिलं म्हणा ना! मग मनात येतं, लायसन्स राज फक्त सरकारच चालवतं का?

इथून वालचंदांची मागणी सुरू झाली की किनाऱ्यावरचा व्यापार हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा. १९२८ मध्ये सिंदियाचेच अधिकारी आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद सारभाई हाजी यांनी तसं बिल मांडलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ओरड केली की हे मुक्त व्यापाराच्या विरुद्ध आहे, हा भेदभाव आहे. पण गंमत बघा, ज्या इंग्लंडमधून हा उपदेश येत होता, त्या इंग्लंडने १६५१ पासून जवळजवळ दोनशे वर्षं नॅव्हिगेशन कायद्यांनी आपला समुद्री व्यापार आपल्याच जहाजांसाठी राखला होता. आरमार आणि व्यापारी जहाजं जगात पहिल्या नंबरवर गेल्यावर १८४९ मध्ये ते कायदे मोडीत काढले. अमेरिकेने तर १९२० मध्ये जोन्स कायदा करून आपला किनारा राखून ठेवला. माडीवर चढून झाल्यावर शिडी वर ओढून घ्यायची, असा हा प्रकार. हाजींचं बिल काही कायदा झालं नाही. उलट १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश कंपन्यांशी भेदभाव करायचा नाही अशी कलमं आली.

हे दूर मुंबईतच चाललं होतं असं नाही. आपल्या शेजारी ओगलेवाडीला १९१६ पासून काचेचा कारखाना होता, प्रभाकर कंदिलांचा. १९३२ मध्ये टॅरिफ बोर्डाने काच उद्योगाला संरक्षण द्यावं अशी शिफारस केली. १९३५ मध्ये सरकारने ती फेटाळली, कारण काय, तर काचेसाठी लागणारा सोडा ॲश बाहेरून येतो! कच्चा माल बाहेरून आणणारे उद्योग विलायतेतही ढीगभर होते.

बरं, वालचंद म्हणजे सरकारकडे हात पसरून बसणारे गृहस्थ होते का? अजिबात नाही. १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. दुसऱ्याच वर्षी, १९४१ मध्ये, तिथलं पहिलं विमान उडालं. पण १९४२ मध्ये, युद्ध जवळ आल्यावर, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजचं एचएएल ते हेच. जहाजं बांधायचा कारखाना त्यांनी विशाखापट्टणला काढला. १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसादांनी पायाभरणी केली. १४ मार्च १९४८ ला जलउषा पाण्यात उतरली, तेव्हा पंडित नेहरू हजर होते. १९५२ मध्ये तोही कारखाना सरकारकडे गेला. मोटारींचं तर विचारूच नका. विश्वेश्वरय्यांनी आधी योजना मांडली, वालचंदांनी १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, पण युद्धाला उपयोगी नाही म्हणून सरकारने दाद दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या.

म्हणजे समुद्रावर बाजाराने त्यांना दाबलं आणि जमिनीवर सरकारने. एकाच माणसाने दोघांचाही मार खाल्ला. म्हणूनच मला त्यांचं आयुष्य या वादासाठी पुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतं. पक्षाघातानंतर १९५० च्या सुमारास ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला वारले. लॉयल्टी निघाली तो ५ एप्रिल. मध्ये फक्त तीन दिवस आणि चौतीस वर्षं.

त्यांच्या माघारी काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख नुसता गौरवग्रंथ होईल. स्वतंत्र भारताने किनारा हिंदी जहाजांसाठी राखला. मोटारींच्या बाबतीतही संरक्षण आलं. नुसत्या जोडणीला परवानगी नाही, इथेच बनवा, असं धोरण ठरलं आणि फोर्ड व जनरल मोटर्स १९५० च्या दशकात निघून गेल्या. देशात पार्ट बनवणारे शेकडो कारखाने उभे राहिले, हा फायदा. पण संरक्षणाला शेवटची तारीखच नव्हती! फियाट नाहीतर अँबॅसिडर, त्याच त्या गाड्या, तेही वर्षानुवर्षं नंबर लावून. १९८३ मध्ये मारुती आली आणि १९९१ नंतर दारं उघडली, तेव्हा या जुन्या कंपन्यांना पळायची सवयच राहिली नव्हती. वालचंदांच्या कंपनीची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. लोक हळहळले, फोटो काढले. पण फोटो काढून घरी जाताना ते बसले दुसऱ्याच कंपनीच्या गाडीत!

म्हणून माझं मत असं झालंय. कुस्तीच्या आखाड्यात पंच नसला तर जिंकतो तो वजनदार पैलवान, चांगला पैलवान नाही. वालचंदांना समुद्रावर पंच हवा होता, आणि ती मागणी रास्त होती. पण पंचानेच एकाला कायमचा विजयी घोषित केलं, तर तो पैलवान तालमीला जायचंच बंद करतो. तेव्हा बाजार की सरकार असं विचारण्यापेक्षा विचारावं की हा नियम कुणाला वाचवतो, किती वर्षं वाचवतो, आणि त्याची किंमत कोण भरतो? फीचा नियम असो, उसाचा असो, नाहीतर जहाजांचा. २०१८ मध्ये किनारी वाहतुकीचे काही नियम परदेशी जहाजांसाठी सैल केले गेले, तेव्हाही हेच तीन प्रश्न लागू होते.

याचं एक छोटं उत्तर आपल्या गावातच आहे. मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना सगळ्या महाराष्ट्रात गाजली. योजना चालवते नगरपालिका, म्हणजे सरकारच. पण प्रत्येक नळाला मीटर, आणि जास्त वापर तर जास्त दर. पाणी सगळ्यांना मिळतं आणि सांडणाऱ्याला त्याचा दाम मोजावा लागतो. सरकारही आहे, किंमतही आहे, आणि दोघं एकमेकांच्या मानेवर बसलेले नाहीत.

स्पर्धेत मला बाजू मिळाली ती खुल्या बाजाराची. मी मुद्दे मांडले, टाळ्याही मिळाल्या. पण लॉयल्टी बोटीचा मुद्दा समोरच्या बाजूने कुणी काढला असता तर मला उत्तर देणं अवघड गेलं असतं. पुढच्या वर्षी जो त्या बाजूने उभा राहील, त्याच्यासाठी तो इथे लिहून ठेवलाय. शोधून वापरा!